टेम्पोचा विमा : कागदात कोण आहे, कोण नाही



आपल्या वस्त्यांमधून स्वतःचा टेम्पो घेणारी घरे वाढत आहेत. कापड गिरण्या गेल्या, कारखान्यांतली कायम भरती जवळजवळ थांबली, कंत्राटी कामाचा भरवसा नाही. तेव्हा ज्याच्या हातात ड्रायव्हिंग आहे तो म्हणतो, दुसऱ्याची गाडी किती दिवस चालवायची? स्वतःची घेऊ. २००५ साली पाऊण टन माल नेणारी टाटा एस बाजारात आली आणि हे स्वप्न आवाक्यात आले. लोकांनी तिला छोटा हाथी हे नाव दिले ते उगीच नाही. घरचे थोडे दागिने, फंडाचे पैसे, बाकी कर्ज. नव्या गाडीला हार पडतो, काचेवर निळ्या अक्षरांत बाबासाहेबांचे नाव लागते आणि दुसऱ्या दिवसापासून हप्त्याची तारीख डोक्यात फिरू लागते.

ह्या धंद्यात पैसा आहे तो तातडीच्या भाड्यात. चाकणच्या कारखान्यात एखादा सुटा भाग संपला की लाईन थांबते. मोठा ट्रक भरेपर्यंत कोण थांबणार? भिवंडीच्या गोदामातून चार खोकी संध्याकाळच्या आत पोचवायची असतात. तुर्भ्याच्या बाजारातून भाजी उजाडायच्या आत हलवायची असते. अशा वेळी फोन येतो तो टेम्पोवाल्याला. अमेरिकेत हाच धंदा पिकअप गाडीमागे सपाट ट्रेलर जोडून करतात आणि त्याला 'हॉट शॉट' म्हणतात. तिथेही तो बहुतेक एका गाडीवर, एका माणसावर आणि एका घरावर चालतो.

एका गाडीच्या धंद्यात दुसरी गाडी उभी नसते. गाडी बंद पडली की चूल मंदावते, हप्ता मात्र चालूच राहतो. म्हणून आज आम्ही ह्या पानावर विम्याच्या कागदाविषयी लिहीत आहोत. "विमा आहे ना?" असे विचारले की घरोघर एकच उत्तर मिळते, "आहे की! एजंटने काढून दिलाय." पण कशाचा काढून दिला, कोणासाठी काढून दिला, हे त्या घरातल्या बाईला ठाऊक नसते आणि पुष्कळदा गाडी चालवणाऱ्यालाही नसते. कागद डॅशबोर्डाच्या कप्प्यात, हवालदाराला दाखवण्यापुरता.

आधी सक्तीचा विमा पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या १४६ व्या कलमाप्रमाणे विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. ही सक्ती तुमच्या गाडीसाठी नाही. तुमच्या गाडीने ज्याचे नुकसान होईल त्या तिऱ्हाईतासाठी ती आहे. ह्यालाच आपण थर्ड पार्टी म्हणतो. रस्ता ओलांडणारी म्हातारी, सायकलवरचा कामगार, समोरची रिक्षा हे सारे ह्यात आले. मृत्यू किंवा इजा झाली तर कंपनीने किती द्यावे ह्याला पॉलिसीत वरची मर्यादा नसते, न्यायाधिकरण ठरवील ते. दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान मात्र साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत. विमा नसताना गाडी पकडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद.

ह्या विम्याचा दर सरकार ठरवते, त्यात एजंटाला घासाघीस करता येत नाही. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात भाड्याने माल नेणाऱ्या, साडेसात हजार किलोपर्यंतच्या एकूण वजनाच्या चारचाकी गाडीचा वर्षाचा दर १६,०४९ रुपये होता, कर वेगळा. म्हणजे रोजचे चव्वेचाळीस रुपये. छोटा हाथी आणि त्याच्या कितीतरी पट वजनाची ४०७ ह्यांना दर एकच! लहान गाडीवाल्यावर हा अन्यायच आहे असे आमचे मत आहे. पण तो भरल्याशिवाय सुटका नाही. कोणी "नऊ हजारांत करून देतो" म्हणाला तर ओळखावे की कागद खोटा आहे किंवा गाडीचा प्रकार खोटा लिहिला आहे. छापील कागद कोणीही काढील. पैसे भरल्यावर थोड्या दिवसांनी एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विम्याची तारीख दिसते का ते पाहावे. घरातल्या शाळकरी पोरालाही ते येते. चेक देणाऱ्यांनी आणखी एक ध्यानी ठेवावे. प्रीमियम हाती आल्याशिवाय कंपनीवर जोखीम येत नाही, असे विमा कायद्याचे कलमच आहे. चेक परत गेला आणि कंपनीने पॉलिसी रद्द केली, तर हातातला कागद रद्दीच्या भावाचा होतो.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही लेखणी उचलली तिच्याकडे येतो. गाडी चालवणारा माणूस स्वतः मेला तर काय?

थर्ड पार्टी विम्यातून त्याच्या घराला काही मिळत नाही, कारण तो तिऱ्हाईत नाही. टेम्पो झाडावर आदळला, चूक दुसऱ्या कोणाची नाही, तर दावा करायचा कोणावर? अशा वेळेसाठी कागदात एक वेगळी ओळ असते, मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा. पूर्वी मालवाहू गाडीसाठी ही रक्कम अवघी दोन लाख होती. २०१८ च्या सप्टेंबरात विमा नियामकाने ती सरसकट पंधरा लाख केली आणि तेव्हा त्यासाठी वर्षाला ७५० रुपये दर ठरवून दिला. पंधरा लाख म्हणजे आपल्या घरांच्या दृष्टीने मुलांची शिक्षणे आणि डोक्यावरचे छप्पर. पण ती ओळ नीट वाचा. मालक-चालक म्हणजे जो आर.सी. बुकात मालक आहे, पॉलिसी ज्याच्या नावावर आहे आणि ज्याच्याकडे चालू लायसन आहे, असा एकच माणूस.

आणि आपल्याकडे गाडी कोणाच्या नावावर असते? कर्जाची योजना महिलांसाठी होती म्हणून बायकोच्या. नवऱ्याचे जुने कर्ज थकले होते म्हणून आईच्या. मोठ्या भावाला पगाराची पावती होती म्हणून भावाच्या. गाडी चालवतो तिसराच. अशा घरात तो पंधरा लाखांचा विमा कोणालाच लागू नसतो. बाईकडे लायसन नाही म्हणून तिला नाही, आणि नवरा मालक नाही म्हणून त्याला नाही. "मग नवऱ्याला तिऱ्हाईत माना" असे म्हणून दावा करता येत नाही का? सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या निंगम्मा खटल्यात सांगितले आहे की जो मालकाकडून गाडी मागून घेऊन चालवतो तो मालकाच्याच जागी उभा असतो. त्याच्या मृत्यूची भरपाई मालकाच्या विमा कंपनीकडून मागता येत नाही.

भगिनींनो, गाडी तुमच्या नावावर असेल तर आज रात्री जेवणे झाली की कागद काढायला सांगा. भांडण करायचे कारण नाही. गाडी चालवणाऱ्याच्या नावाने स्वतंत्र अपघात विमा घेता येतो, कुठल्याही सर्वसाधारण विमा कंपनीकडे मिळतो. तेवढे जमत नसेल तोवर निदान बँकेच्या खात्यातून मिळणाऱ्या दोन सरकारी योजना तरी चालू करा. १ जून २०२२ पासून सुरक्षा विमा योजनेला वर्षाला २० रुपये पडतात, वय १८ ते ७० आणि अपघाती मृत्यूला दोन लाख. जीवनज्योती योजनेला ४३६ रुपये, वय १८ ते ५० आणि कोणत्याही कारणाने मृत्यू आला तरी दोन लाख. दोन्ही मिळून दिवसाला सव्वा रुपया होतो. मे महिन्याच्या शेवटी खात्यात तेवढी शिल्लक नसली तर पैसे कापले जात नाहीत आणि विमा गुपचूप बंद पडतो, तेवढे सांभाळावे. नामनिर्देशनात बायकोचे नाव घातले आहे का तेही पाहावे. लग्नाआधी उघडलेल्या खात्यात अजून आईचेच नाव असलेली उदाहरणे आमच्या पाहण्यात पुष्कळ आहेत.

पंधरा लाखांच्या त्या विम्यातही पाय मोडून तीन महिने घरी बसल्याचे काही मिळत नाही. तो मृत्यूसाठी, हात-पाय किंवा डोळा कायमचा गेला तर, आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी आहे. दवाखान्याचा खर्च वेगळाच विषय. त्यावर पुन्हा कधीतरी लिहू.

आता हौद्यात बसणाऱ्यांचे. हे लिहिताना आमचा हात जड होतो.

सहा डिसेंबर जवळ आला, किंवा नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे ठरले, की वस्तीतल्या टेम्पोकडे सगळ्यांची नजर जाते. मालक आपलाच. तो म्हणतो, डिझेल तेवढे टाका. हौद्यात सतरंज्या अंथरल्या जातात, वर ताडपत्री, मागे फळी. बायका, मुले, म्हातारी माणसे मिळून पंचवीस-तीस जण बसतात. लग्नाचे वऱ्हाड असेच निघते, अंत्ययात्रेला माणसे अशीच जातात. ह्यात कोणाचा वाईट हेतू नसतो. किंबहुना मालक समाजाचे काम म्हणून गाडी देतो आणि आपण त्याला दुवा देतो.

पण कायदा काय म्हणतो? मालवाहू गाडी मालासाठी आहे. १९९४ च्या दुरुस्तीने तीत बसणाऱ्या एकाच प्रकारच्या बाहेरच्या माणसाला विम्याचे संरक्षण मिळाले. तो म्हणजे मालाचा मालक किंवा त्याने अधिकार दिलेला प्रतिनिधी, आणि तोही मालासोबत जात असेल तर. त्यानेसुद्धा हौद्यात मालावर न बसता केबिनमध्ये बसावे, असे न्यायालयाने पुढे स्पष्ट केले. राहिलेले सगळे फुकटचे प्रवासी. ३ डिसेंबर २००२ रोजी आशा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला की मालवाहू गाडीतून नेलेल्या अशा प्रवाशांची भरपाई देण्याचे बंधन विमा कंपनीवर नाही. त्यापूर्वी तीनच वर्षे आधी त्याच न्यायालयाचे मत उलट होते. ते ह्या निकालाने गेले.

म्हणजे घाटात टेम्पो उलटला, चार माणसे गेली, दहा जखमी झाली, तर न्यायाधिकरण भरपाई ठरवील, पण ती द्यायची कोणी? टेम्पोच्या मालकाने. काही खटल्यांत आधी कंपनीने पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत असा आदेश झाला आहे. पण कंपनीने आधी भरले म्हणून मालक सुटला असे होत नाही. त्याची गाडी, त्याची खोली, गावाकडचा असेल तो तुकडा, सगळ्यावर टाच येते. एवढे करूनही मयताच्या घरी काय पोचते? ज्याच्याकडे काहीच उरले नाही अशा माणसाविरुद्धचा एक हुकूमनामा. हुकूमनामा मिळवणारी विधवा आणि तो ज्याच्यावर आहे तो मालक एकाच गल्लीत राहतात, एकाच नळावर पाणी भरतात. त्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे कसे पाहायचे?

तेव्हा आमचे म्हणणे असे की अभिवादनाला, लग्नाला, मयताला जायला टेम्पो मागूच नये आणि मागितला तर मालकाने नाही म्हणावे. नाही म्हणणाऱ्याला माणुसकी नाही असे कोणी बोलू नये. एस.टी.ची गाडी प्रासंगिक करारावर मिळते. तीस-चाळीस जणांनी वर्गणी काढली तर माणशी खर्च डिझेलपेक्षा जास्त पडेल हे खरे, पण त्या गाडीत बसलेला माणूस कायद्याने प्रवासी असतो. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी नोव्हेंबरातच ही वर्गणी सुरू करावी, ऐन वेळी धावपळ नको.

हमालांची गोष्ट थोडी वेगळी. तुमच्या पगारावरचा ड्रायव्हर, क्लीनर, माल चढवणारा मजूर कामावर असताना दगावला तर मालकाने भरपाई द्यावी, हे १९२३ पासून ह्या देशात कायद्याने मानलेले आहे. मोटार विम्यात त्यांची जबाबदारी घेता येते, पण किती माणसांची, हा आकडा पॉलिसीवर लिहिलेला असतो. एकच लिहिला असेल आणि गाडीत तिघे असतील तर कंपनी वाद घालते. जादा माणसाचा प्रीमियम अगदी किरकोळ असतो, एजंट फक्त विचारत नाही. नाक्यावरून त्या दिवसापुरता उचललेला हमाल तुमचा की मालवाल्याचा, ह्यावरही वाद होतो. आठवड्यातून चार दिवस तोच माणूस नेत असाल तर तो तुमचाच समजून त्याची गणना करा. उद्या तो हमाल आपल्यातलाच कोणी असेल, किंबहुना असतोच.

गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक आहे. पहिल्या वर्षी शोरूमवाला आणि बँक तो घ्यायलाच लावतात, त्यामुळे सर्वांकडे असतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हप्ते जड होऊ लागले की एजंट सुचवतो, "नुसती थर्ड पार्टी काढू, पाच-सात हजार वाचतील." वाचतात खरे. पण २०१९ च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ च्या जुलैत चिपळूणला पाणी शिरले, तेव्हा नुसत्या थर्ड पार्टीच्या कागदावर बुडालेल्या गाडीचा एक रुपयाही मिळण्याजोगा नव्हता. चोरी, आग, पूर, उलटणे हे सारे ह्या ऐच्छिक भागातच येते. (पाण्यात उभी राहिलेली गाडी सेल मारून चालू करून पाहू नये. इंजिनात पाणी ओढले जाते आणि ते नुकसान तुम्ही केले असे म्हणून कंपनी नाकारते. गाडी ओढूनच न्यावी.)

ह्या भागातही एक खोच आहे. ती फार थोड्यांना ठाऊक असते. मोटारगाडीच्या पॉलिसीत पत्रा, दिवे, बंपर सगळे येते, म्हणून टेम्पोच्याही पॉलिसीत येत असेल असे आपण धरतो. तसे नाही. मालवाहू गाडीच्या साध्या पॉलिसीत दिवे, हेडलाईट, टायर-ट्यूब, मडगार्ड, बॉनेटचे बाजूचे भाग, बंपर आणि रंगकाम हे वगळलेले असते. टेम्पोला समोरून धक्का लागला की नेमके हेच तुटते! ते हवे असेल तर जादा प्रीमियम भरून 'आय.एम.टी. २३' नावाची पुरवणी घ्यावी लागते. पॉलिसीवर हा आकडा शोधा. नसेल तर पुढच्या वेळी मागून घ्या, ऐच्छिक भागाच्या प्रीमियमवर साधारण पंधरा टक्के जादा पडतात. आमच्या मते गर्दीच्या शहरात फिरणाऱ्या टेम्पोने ते द्यावेत. महिन्यातून दोनदा खेड्यात जाणाऱ्या गाडीवाल्याने आपला हिशेब पाहावा.

गाडी पूर्ण गेली तर काय मिळते ह्याचाही हिशेब घरात मांडून ठेवावा. पॉलिसीवर गाडीची घोषित किंमत लिहिलेली असते. ती दर वर्षी उतरते. दोन ते तीन वर्षे जुन्या गाडीला तीस टक्के घट, तीन ते चार वर्षांना चाळीस, चार ते पाच वर्षांना पन्नास. समजा सहा लाखांची गाडी अडीच वर्षांनी चोरीस गेली. किंमत धरली जाईल चार लाख वीस हजार. कर्ज बाकी आहे तीन लाख दहा हजार. आर.सी. बुकावर बँकेचा बोजा असल्याने पैसे आधी बँकेकडे जातात. तुमच्या हाती एक लाख दहा हजार, त्यातूनही ठरलेली वजावट. त्यात नवी गाडी येत नाही, नव्या गाडीची मार्जिन रक्कम फार तर येते. आणि चार हप्ते थकले असतील तर तेवढीही येत नाही. काही एजंट प्रीमियम कमी दिसावा म्हणून घोषित किंमत मुद्दाम खाली लिहितात. वाचलेले हजार रुपये मालकाला दिसतात, बुडालेले पन्नास हजार चोरी होईपर्यंत दिसत नाहीत.

गाडीतल्या मालाचे काय? मोटार विम्यात माल येत नाही, अगदी पूर्ण विम्यातही नाही. टेम्पो उलटून टी.व्ही.ची खोकी फुटली तर गाडीचा पत्रा कंपनी भरेल, टी.व्ही. नाही. कारखान्यातले साहेब म्हणतात, "काळजी नको, आमच्या मालाचा विमा आहे." तो विमा त्यांचा आहे, तुमचा नाही. त्यांची कंपनी त्यांना पैसे देते आणि मग त्यांच्या जागी उभी राहून वाहतूकदाराकडे, म्हणजे तुमच्याकडे, वसुलीला येऊ शकते. ह्यासाठी वाहतूकदाराच्या जबाबदारीचा वेगळा विमा मिळतो. रद्दी, वाळू, विटा नेणाऱ्याला तो लागणार नाही. पण औषधे, यंत्राचे भाग, घरसामान नेणाऱ्याने चौकशी करावी. वर सांगितलेल्या अमेरिकन हॉट शॉटवाल्याची गोष्ट इथे जुळते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात भाड्याने साधा माल नेताना गाडीचे ठरीव वजन १०,००१ पौंड किंवा अधिक असेल, तर तिथला कायदा त्याला तिऱ्हाईतासाठी किमान साडेसात लाख डॉलरचे संरक्षण घ्यायला लावतो. पण मालाच्या विम्याची सक्ती साध्या मालाला तिथेही नाही. तरी तो घेतल्याशिवाय दलाल त्याला भाडे देत नाहीत. आपल्याकडे मालवाले अजून तेवढे विचारत नाहीत. मोठ्या गोदामांतून विचारू लागतील तेव्हा ज्याच्याकडे कागद असेल त्याला पुढची फेरी मिळेल.

लायसनच्या बाबतीत मात्र एक चांगली बातमी आहे. पूर्वी साधे हलक्या मोटारीचे लायसन असलेल्याने टेम्पो चालवला की "लायसन व्यापारी गाडीचे नाही" म्हणून विमा कंपन्या हात वर करीत. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला की साडेसात हजार किलोपर्यंतच्या एकूण वजनाची मालवाहू गाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. ज्यांचा दावा ह्या एकाच कारणाने नाकारला जात असेल त्यांनी वकिलाला ही तारीख सांगावी. मुदत संपलेले लायसन, दारू पिऊन चालवणे, संपलेले पासिंग ह्यांना मात्र ह्या निकालाने काही सूट दिलेली नाही. नवी गाडी आठ वर्षांची होईपर्यंत पासिंग दर दोन वर्षांनी, त्यानंतर दर वर्षी. विमा चालू आणि पासिंग संपलेले, अशी गाडी अपघातात सापडली की पंचाईत होते.

गाडी विकताना आपले लोक स्टॅम्पपेपरवर सह्या करतात, पैसे घेतात आणि मोकळे होतात. आर.सी. बुकात नाव जुनेच राहते. २०१८ च्या फेब्रुवारीत नवीन कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की परिवहन कार्यालयाच्या दप्तरी ज्याचे नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याचीच; मग गाडी त्यानंतर चार हात फिरली असली तरी. त्या खटल्यात गाडी खरोखरच अशी चार हात फिरलेली होती. म्हणून विकणाऱ्याने नाव बदलून घेतल्याशिवाय किल्ली देऊ नये. घेणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे नाव बदलायचा अर्ज द्यावा. थर्ड पार्टीचे संरक्षण गाडीबरोबर जाते, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे नाव बदलेपर्यंत जात नाही.

अपघात झालाच तर आधी माणूस दवाखान्यात, मग बाकीचे. त्याच दिवशी कंपनीला फोन करून तक्रारीचा नंबर लिहून घ्यावा, पोलिसांत नोंद करावी, मोबाईलवर गाडीचे आणि जागेचे फोटो काढावेत. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत गॅरेजवाल्याला पत्रा ठोकू देऊ नये. कोऱ्या क्लेम फॉर्मवर सही करून एजंटाला देऊ नये, तो कितीही ओळखीचा असला तरी. गाडी कोण चालवत होता हे खरे तेच लिहावे. "लायसन ह्याच्याकडे आहे, ह्याचे नाव टाकू" अशी युक्ती पोलिसांच्या कागदाशी जुळली नाही की सगळा दावा जातो.

कंपनीने दावा नाकारला किंवा कमी दिला तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबईत आणि पुण्यात आहेत. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो. एका गाडीचा मालक त्यात बसतो. २०२३ च्या नोव्हेंबरपासून पन्नास लाखांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार त्यांना आहे. फी नाही, वकील लागत नाही. तिऱ्हाईताच्या भरपाईचे दावे मात्र तेथे चालत नाहीत, ते जिल्ह्याच्या मोटार अपघात न्यायाधिकरणातच चालवावे लागतात.